मदत हवी आहे: वडिलांच्या टोपीतलं उडालेलं पांढरं परत आणता येईल का?

नमस्कार मंडळी,

वडील दरवर्षी वारीला जातात. यंदा त्यांना गाठायला मी दिवे घाटात गेलो. आभाळ भरलेलं होतं, म्हणून चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं) करून मॅन्युअलवर १/५००, एफ ५.६, आयएसओ २०० ठेवलं. नेमके ते वळणावर दिसले आणि ढग फाटून लख्ख ऊन पडलं. सेटिंग बदलायला वेळच मिळाला नाही. टाळ वाजवताना डोळे मिटलेले, असा चेहरा मला परत मिळणार नाही. पण टोपी आणि उजवा खांदा पांढरेफट्ट झालेत.

फाइल १४ बिट रॉ (सेन्सरची न प्रक्रिया केलेली मूळ नोंद) आहे. डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरवलं, तर चेहरा काळवंडला आणि टोपी कागदासारखी सपाट राखाडी झाली. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (उडालेला उजळ भाग भरून काढणारं मॉड्यूल) बंद करून पाहिलं, तर ती चक्क गुलाबी! सदऱ्याच्या चुण्या मात्र थोड्या दिसू लागल्या. टोपीचं काही करता येईल का? वडिलांसाठी १२ बाय १८ इंची प्रिंट काढायची आहे.

प्रतिसाद

फोटो हातचा गेला असं समजू नका. गुलाबी रंगाचं कारण असं की, सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल वेगळे नोंदतो आणि उन्हात बहुतेक वेळा हिरवा चॅनल आधी भरतो. तिन्ही चॅनल काठोकाठ भरले की आकडे सारखे होतात, आणि मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी) लाल-निळ्याला गुणून वर नेतो. त्यामुळे हायलाइट रिकन्स्ट्रक्शन चालूच ठेवा.

आधी खालच्या पट्टीतला रॉ ओव्हरएक्स्पोजर इंडिकेटर लावा. कुठला चॅनल भरलाय ते रंगीत ठिपक्यांतून कळेल. कॅमेऱ्यातल्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) जाऊ नका, तो जेपेगवरून काढलेला असतो. रॉमध्ये बऱ्याचदा त्याहून जास्त शिल्लक असतं. एखादा चॅनल वाचला असेल, तर तिथला पोत त्याच्या आधारे परत येतो. सदऱ्याच्या चुण्या आल्या त्या अशाच. तिन्ही भरले असतील तिथे मात्र काहीच नोंदलेलं नाही. स्लायडर कितीही ओढला तरी राखाडीच हाती लागेल.

म्हणून एक्स्पोजर चेहऱ्याला शोभेल तेवढंच ठेवा. मग टोपी-खांद्यापुरता मऊ कडांचा मास्क काढून तेवढाच भाग अर्धा-पाऊण स्टॉप उतरवा. हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमधली पद्धत गायडेड लाप्लासियन्स करून बघा, छोट्या डागांवर चांगली चालते, फक्त वेळ खाते.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! खांद्यावर निळा चॅनल शाबूत निघाला, शिवण दिसतेय. टोपीच्या घडीपाशी बोटभर पट्टा तेवढा कोराच आहे. प्रिंटमध्ये तो खुपेल का?

प्रतिसाद

शुद्ध पांढऱ्यावर शाई पडत नाही, चकचकीत कागदावर भोक पडल्यासारखं दिसतं. तेवढा पट्टा २५५वरून (म्हणजे पूर्ण पांढऱ्यावरून) २४८च्या आसपास आणा, मॅट कागद घ्या आणि आधी पोस्टकार्ड आकारात एक चाचणी प्रिंट काढून उजेडात बघा.