अनुभव धागा : न मागता मिळालेले, आणि त्याचे आपण काय केले

ओसरी :
20 मार्चच्या निमित्ताने महाडच्या सत्याग्रहाविषयी वाचत असताना माहेरच्या वाड्यातला आड आठवला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरीही 1927 साली डॉ. आंबेडकरांसह चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या माणसांना मार खावा लागला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडले. आमच्या घराला पाण्यासाठी कधी ठराव लागला नाही. वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी मांडून उन्हात थांबत आणि आजी कळशी घागरीच्या काठाला लागू न देता वरून धार सोडत असे. त्याबद्दल गाव तिला दयाळू म्हणत असे. त्या बायांची सकाळ जिथे जात होती, तिथे माझ्या आईला मला शिकवायला वेळ मिळत होता. सत्तरच्या दशकात डॉ. बाबा आढावांच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीची चर्चा आमच्या भागात पोहोचली, तेव्हा वडिलांनी आड सर्वांना मोकळा केला आणि भाऊबंदांनी आम्हाला पंगतीला बोलावणे सोडले.
असे न मागता मिळालेले आपल्यापैकी कोणाला कधी जाणवले, आणि त्यानंतर आपण काय केले, ते कृपया लिहावे.

बांधावरचा :
माझ्या बाबतीत ते सातबाऱ्यावर होते. वडील गेल्यानंतर वारसनोंदीच्या वेळी चुलत्यांनी बहिणींना परस्पर निरोप धाडला होता की येताना आधारकार्ड आणा, हक्कसोड करायचे आहे. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी साडीचोळी आणि माहेरपण यांवर त्याची फेड होते असे सगळे धरून चालले होते. धाकटी म्हणाली, “दादा, सही केली नाही तर तू दिवाळीला न्यायला येशील ना?” या प्रश्नानंतर मी कागद बाजूला ठेवला आणि तिघांचीही नावे लावून घेतली. गावात काही दिवस माझ्या बायकोलाच बोल लागला, हे मात्र मला अजून सलते.

निवृत्त लिपिक :
दादा, उत्तम केलेत, पण नुसते नाव लागल्याने बहिणींच्या हाती काही येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सर्वांच्या संमतीने वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे करावा, म्हणजे हिस्से वेगळे होतील. तोवर उत्पन्नाचा वाटा दरवर्षी द्यावा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते, हेही बहिणींना सांगून ठेवावे, कारण साध्या कागदावर सह्या घेणारे बरेच असतात.

मोगरा :
पुण्यात मैत्रिणीबरोबर भाड्याचे घर शोधत होतो. माझे आडनाव ऐकल्यावर घरमालकीणबाईंनी चहा टाकला, तिचे ऐकल्यावर आधी “मूळ गाव कोणते?” आणि मग “तुम्ही नॉनव्हेज करता का?” असे प्रश्न आले. मांसाहार मीही करते, पण मला कोणी विचारलेच नव्हते. ते घर आम्ही घेतले नाही. पुढे दलालाला पहिल्याच फोनवर दोघींची आडनावे सांगून, चालत असेल तरच घर दाखवा, असे मी बोलू लागले, म्हणजे तो नकार तिला एकटीला समोर बसून ऐकावा लागत नसे. घर मिळायला त्यामुळे फार उशीर झाला.

पायवाट :
वरच्या मैत्रिणीच्या जागी मी होते, असे समजा. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिली. जातवैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला हवा होता, आणि ज्यांना शाळेत बसूच दिले नव्हते त्यांचा दाखला आणायचा कोठून? आमच्या एका सरांनी स्वतः माझ्यासोबत येऊन जुन्या महसुली नोंदींत आजोबांचे नाव शोधून काढले. मला सहानुभूतीपेक्षा तो त्यांचा अर्धा दिवस मोलाचा वाटतो. आज मी कायम नोकरीत आहे आणि माझ्या कार्यालयातले स्वच्छता कामगार कंत्राटी आहेत, म्हणजे आता न मागता मिळालेले माझ्याकडेही आहे. हाताने मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे. तरीही चेंबर तुंबले की “उतर रे जरा” असे सहज म्हटले जाते. मी ते लेखी आक्षेप घेऊन थांबवले आणि यंत्र मागवायला लावले. हातमोजे आणि पगारी रजा यांसाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

परदेशस्थ :
घाईत लिहितो आहे, मुलीला शाळेतून आणायचे आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदाला बंदी घातली, तेव्हा आमच्या ओळखीतले अनेकजण म्हणत होते की इथे जात कुठे आहे. हे म्हणणारे सगळे माझ्यासारख्याच आडनावांचे होते. मी ठरावाच्या बाजूने पत्र लिहिले आणि मित्रांनाही लिहायला लावले.

ओसरी :
पायवाट, त्या महसुली नोंदी कोणत्या कार्यालयात मिळाल्या, ते सविस्तर लिहाल का? आमच्या वस्तीवरच्या एका मुलाचे प्रकरण याच दाखल्यावाचून अडले आहे आणि प्रवेशाची मुदत जवळ आली आहे.

पायवाट :
तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळाल्या. गावाचे नाव आणि पणजोबांचे पूर्ण नाव घेऊन जा. सोमवारी मी त्याच भागात आहे. त्याला सकाळी दहाला पाठवा, मी दारात थांबते.