ग्रुआर-मॅक्लेनन: "शिकवलं त्यांनी, मग माफी कशाला?" याला उत्तर

ईशान्य_वारा

कॅनडात स्थायिक झालेल्यांच्या धाग्यावर काल दर्यावर्दी यांनी लिहिलं: "उत्तर अल्बर्टात मिशनरी गेले नसते तर तिथल्या आदिवासींना अक्षरओळख झाली नसती. उणे चाळीसमध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून फिरून ज्यांनी शाळा काढल्या, त्यांच्या वतीने पोपने माफी मागायची गरजच नव्हती." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. विषय आहे तो सरकारच्या पैशाने चर्चने चालवलेल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा, ज्यांबद्दल पोपने २०२२ मध्ये माफी मागितली. मी तिथल्याच ग्रुआर-मॅक्लेनन या कॅथलिक आर्चडायोसिसच्या (आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) हद्दीत, ग्रँड प्रेरीत राहतो, त्यामुळे वेगळा धागा काढून सविस्तर लिहितोय.

अक्षरओळखीपासूनच सुरू करू. तिथल्या क्री आदिवासींच्या भाषेची लिपी १८४० मध्ये नॉर्वे हाउसला जेम्स इव्हान्सने बसवली. तो मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, कॅथलिक नव्हे. एकच चिन्ह चार दिशांना फिरवलं की स्वर बदलतो, इतकी सुटसुटीत लिपी. ती शिकायला शाळा लागली नाही, शिकारीच्या तळांवर लोकांनीच ती एकमेकांना शिकवली. १८६२ मध्ये अथाबास्का-मॅकेन्झी व्हिकारिएट (बिशपच्या हाताखालचा मिशनचा प्रदेश) स्थापन झालं आणि फारो त्याचे पहिले बिशप झाले, तोवर ती लिपी प्रेरीभर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानी मुलखात, पसरली होती. ऑब्लेट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी तीच उचलली. एमिल ग्रुआर यांनी १८७० च्या दशकात फ्रान्सहून छापखाना आणला आणि लाक ला बिशला क्री व डेने भाषांत प्रार्थनेची पुस्तकं छापली. हे मोठं काम होतं आणि मी ते नाकारत नाही.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ज्या संघाचे पाद्री क्रीमध्ये प्रवचन देत, त्याच संघाच्या निवासी शाळांत क्री बोलल्याबद्दल मुलांना मार बसायचा. मोठ्यांचा धर्म बदलायचा तर त्यांची भाषा हवी, आणि मुलं ताब्यात आली की तीच भाषा नको!

दुसरं, सरकारने इथल्या आदिवासींशी केलेला १८९९ चा आठवा करार. लेसर स्लेव्ह लेकला सरकारी कमिशनरांसोबत फादर लाकोम्ब होते, ग्रुआरही होते. लोकांना सरकारचा भरवसा नव्हता, पाद्र्यांचा होता. कमिशनरांच्या स्वतःच्या अहवालात नोंद आहे की सरकारी मदतीच्या शाळांत तुमच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असं लोकांना सांगितलं गेलं. पुढे १९२० मध्ये कायदा बदलून शाळा सक्तीची झाली आणि पोरं उचलून नेली गेली. ज्याच्या शब्दावर लोकांनी सही केली, त्याच्यावर काहीच जबाबदारी येत नाही?

दर्यावर्दी

धागा माझ्या नावाने काढलात, तर माझं पूर्ण म्हणणं तरी घ्यायचं होतं. शाळेत मार बसला नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी वसईचा. माझी आजी सामवेदी बोलायची, वाडीच्या बाहेर कधी गेली नव्हती, आणि तिला लिहायला-वाचायला शिकवलं ते सिस्टर लोकांनी. दुसरं कोणी येणार नव्हतं. शेवटपर्यंत ती रोज चष्मा लावून पेपर वाचायची, आधी मरणाच्या बातम्या आणि मग केळीचा भाव. त्या बाईसाठी मिशन म्हणजे काय होतं ते तुम्ही मला कागदपत्रांवरून सांगू नका.

आणि सक्ती कोणाची? सरकारची. पैसे सरकारचे, कायदा सरकारचा, मुलं उचलायला पोलीस सरकारचे. शिव्या मात्र चर्चला.

सडेतोड

हे सगळं आपल्याला नवीन आहे का? १५६० ते १८१२ गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. १६८४ चा कोंकणीबंदीचा हुकूम, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका म्हणून. तीच संस्था, तीच पद्धत. कॅनडाच्या पोपभेटीचं कौतुक चाललंय, गोव्याची माफी कुठे आहे? आणि वसईकर, तुमच्या आजीला शिकवलं त्याची किंमत काय घेतली तेही सांगा.

दर्यावर्दी

सडेतोड, माझ्या आजीचं नाव काढायचं नाही. किंमत म्हणजे काय हो? आमचा धर्म आमचा आहे, कोणाचं कर्ज नाही फेडत आम्ही. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो झाले, तेव्हाही असेच प्रश्न ऐकले. दर वेळी आम्हीच मराठी असल्याचा पुरावा द्यायचा का?

ईशान्य_वारा

सडेतोड, आजी-आजोबांवर येऊ नका. आणि गोवा इथे आणू नका. तिथे पोर्तुगालचा राजा आणि चर्च एकत्र राज्य करत होते, इथे ओटावाचं सरकार कंत्राट देत होतं आणि कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट सगळे ते घेत होते. १८९२ पासून तर दर मुलामागे ठराविक अनुदान. जितकी डोकी तितके पैसे, म्हणून आजारी पोरंसुद्धा भरती करून घेतली. दर्यावर्दी म्हणतात पैसे सरकारचे. बरोबर, पण ते घेणारे हात कोणाचे होते?

आकडेमोड

दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. २०२२ च्या मार्चमध्ये ग्रुआर गावच्या सेंट बर्नार्ड शाळेच्या जागेवर "१६९ कबरी सापडल्या" असं सगळीकडे फिरलं. रडारने जमिनीखालची हाडं दिसत नाहीत, माती हललेली दिसते, एवढंच. कॅम्लूप्सच्या निवासी शाळेजवळच्या २१५ कबरींच्या बातमीचंही तसंच झालं. भावना बाजूला ठेवून बोलायला कोणी तयार आहे का?

ईशान्य_वारा

हो, रडारने माती हललेली दिसते. कापावेनो फर्स्ट नेशनने, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाने, स्वतःच "संभाव्य" म्हटलं होतं, मथळे बातमीदारांचे. एवढं मान्य.

पण मुलं मेली हे कळायला रडार कशाला लागतं? १९०७ मध्ये डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रेरीतल्या शाळांकडूनच माहिती मागवली. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या १,५३७ मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा मेलेला होता, मुख्यतः क्षयाने. हवा खेळत नाही, आजारी आणि धडधाकट एकाच खोलीत. सरकारने अहवाल बाजूला ठेवला आणि पुढे ब्राइसलाही. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये ३,२०० मृत्यू नोंदींतून काढले, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नव्हती. आकडे तुम्हाला आवडतात ना? मग हे घ्या.

माजी_मास्तर

वादात पडणार नव्हतो. पण "निवासी शाळा म्हणजे अत्याचार" असं सरसकट वाचलं की त्रास होतो. मी गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेत नोकरी केली, निवृत्त झालो. मुलांना गावातून आणल्याशिवाय शिक्षण झालंच नसतं. पाच घरांच्या पाड्यावर कुठून शाळा चालवणार? दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं परत यायची नाहीत, आम्ही पायी पाड्यांवर जाऊन आईबापांना समजावून त्यांना आणायचो. आज त्यातले तलाठी आहेत, नर्स आहेत, एक फौजदार आहे. तिकडच्या पाद्र्यांनाही अशाच अडचणी असणार. लांबून बोलणं सोपं असतं.

रानवाटा

गुरुजी, मी त्याच जिल्ह्यातला. भामरागड तालुका, घरात माडिया भाषा. मीही आश्रमशाळेतच शिकलो आणि आज पुण्यात नोकरी करतो, म्हणजे तुमच्या यादीत मीसुद्धा आलो. आता माझंही ऐका.

पहिल्या दिवशी रांगेत बसवून सगळ्यांचे केस कापले. उवा होतात म्हणून. मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पाणी मागायला काय म्हणायचं ते कळेना म्हणून दुपारपर्यंत तसाच होतो. आपसात माडिया बोललो की गुडघ्यावर उभं करायचे. शिकवणारे वाईट नव्हते, त्यांना खरंच वाटायचं की असंच आमचं भलं होईल.

माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोराला एका पावसाळ्यात ताप आला. पर्लकोटा भरून वाहत होती, रस्ता बंद. अधीक्षकांनी गोळ्या दिल्या. त्याच्या बापाला निरोप पोचला तोवर पोरगं गेलं होतं. बाप आला, कोपऱ्यात बसला, आणि त्याची पेटी डोक्यावर घेऊन गेला. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलेल असं कोणी मोठं माणूस त्या शाळेत नव्हतं. आम्ही पोरंच दुभाषे झालो.

हे कॅनडाएवढं नाही, मला कळतं. पण दर मुलामागे अनुदान वाचलं आणि अंगावर काटा आला. अनुदानित आश्रमशाळांचं परिपोषण अनुदान कसं चालतं ते गुरुजींना माहीत आहे. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातली पोरं आणून बसवलेली मी पाहिली आहेत.

माजी_मास्तर

तपासणीच्या दिवसाबद्दल मी काही बोलत नाही. होतं ते खरं, पण सगळीकडे नव्हतं. भाषेचं म्हणाल तर आम्हाला बदलीचा हुकूम हातात मिळायचा, माडिया शिकायला ना पुस्तक ना प्रशिक्षण. मी आठवड्याच्या बाजारात बसून कामापुरतं शिकलो. सगळ्यांनी शिकायला हवं होतं, हे मान्य करतो. पण तुम्ही आश्रमशाळेला त्या शाळांच्या रांगेत बसवू नका. आमच्याकडे सुट्टीत मूल घरी जायचं. आईबाप न्यायला आले तर कोणी पोलीस बोलावत नव्हतं.

रानवाटा

पोलीस नव्हते, बरोबर. पण न्यायला आलेल्या माझ्या आईला "अडाणी आहेस, पोराचं वाटोळं करशील" म्हणून फाटकातून परत पाठवलं होतं. ती रडली नाही, मोहाची फुलं बांधून आणली होती ती फाटकाच्या खांबाशी ठेवून गेली. पोलीस कशाला लागतात?

आकडेमोड

धागा ग्रुआर-मॅक्लेननचा होता. आश्रमशाळांवर वेगळा काढा.

ईशान्य_वारा

राहू द्या. मूळ प्रश्न हाच आहे की चांगल्या हेतूने काढलेल्या शाळेत मूल मेलं तर उत्तर कोण देणार.

दर्यावर्दी

रानवाटा, तुमचं वाचलं. त्यावर वाद घालणार नाही.

ईशान्य_वारा यांना मात्र विचारतो, चर्चने अजून किती वेळा माफी मागायची? ऑब्लेट संघाने १९९१ मध्येच लाक सेंट अॅनला मागितली, सरकारच्या २००८ च्या माफीच्या कितीतरी आधी. २०२२ मध्ये पोप व्हीलचेअरवर बसून मास्क्वाचीसला आले. ख्रिस्ती राजांनी शोधलेली जमीन त्यांचीच मानणारं ते जुनं "शोधाचं तत्त्व"सुद्धा २०२३ मध्ये व्हॅटिकनने झटकलं. आता काय हवंय?

ईशान्य_वारा

पैसे. स्पष्टच सांगतो.

निवासी शाळांच्या भरपाईच्या २००६ च्या समझोत्यात कॅथलिक संस्थांनी रोख २.९ कोटी डॉलर, अडीच कोटींच्या सेवा आणि "शक्य तितके प्रयत्न करून" आणखी अडीच कोटींची वर्गणी कबूल केली. वर्गणी जमली ती ४० लाखांच्याही आत. देशभर नवी चर्चं बांधायला आणि जुनी दुरुस्त करायला पैसा मिळत होता. २०१५ मध्ये कोर्टातून उरलेल्या जबाबदारीतून सुटका करून घेतली. या संस्थांच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष कोण होते? जेरार्ड पेटिपास, आमच्या ग्रुआर-मॅक्लेननचेच तेव्हाचे आर्चबिशप. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल इथे कोणी वाईट बोलत नाही, ते आयोगासमोरही गेले. पण दिलेला शब्द कागदावरच्या वाक्याच्या आधाराने सोडवून घेतला गेला, आणि हे १८९९ ला जिथे शब्द दिला त्याच मुलखाच्या आर्चबिशपांच्या काळात. इथल्या म्हाताऱ्या क्री बायका पोपच्या माफीबद्दल चांगलं बोलतात आणि पैशाचा विषय निघाला की गप्प होतात.

दर्यावर्दी

४० लाखांचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण २०२१ मध्ये बिशपांनी ३ कोटींचा नवा निधी जाहीर केला, तो तुम्ही सोयीने गाळलात.

ईशान्य_वारा

गाळला नाही, त्यावरच येत होतो. कॅम्लूप्सच्या बातमीनंतर चार महिन्यांत ३ कोटी जाहीर करता येतात, तर आधीच्या सात-आठ वर्षांत अडीच का जमले नाहीत? ऐपत होती. निकड वाटली नव्हती.

दर्यावर्दी

वर्गणीच्या बाबतीत चर्च कमी पडलं. घ्या, लिहून दिलं. कोर्टात जायला नको होतं, हेही. पण "मिशन म्हणजे अपराध" हे मी मान्य करणार नाही. आज तुमच्या त्या सव्वादोन लाख चौरस किलोमीटरांच्या आर्चडायोसिसमध्ये मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगायला पाद्री कुठून येतात ते बघा. आपल्याकडून जातात. माझा मावसभाऊ तिकडे आहे, हिवाळ्यात तीन-तीन तास गाडी चालवून वीस-पंचवीस म्हाताऱ्यांसाठी मिस्सा सांगतो. तो कोणाची भाषा काढून घ्यायला गेलेला नाही.

सडेतोड

म्हणजे आता धर्मप्रसार आपणच निर्यात करतोय.

ईशान्य_वारा

सडेतोड, पुरे. दर्यावर्दी, तुमच्या भावाबद्दल आदर आहे, मनापासून. आमच्या पॅरिशचे फादरही केरळचे आहेत आणि क्री शब्द वहीत उतरवून घेऊन म्हाताऱ्यांकडून उच्चार दुरुस्त करून घेतात. तुमच्या भावाला एवढंच विचारा, त्याला तिकडे पाठवण्याआधी या शाळांबद्दल कोणी काही सांगितलं होतं का?

दर्यावर्दी

विचारतो. पण तो हो म्हणाला तर तुम्ही ते इथे याच धाग्यावर तितक्याच मोठ्याने मान्य करायचं.

रानवाटा

आणि नाही म्हणाला तरी इथे लिहा, दादा. गुरुजी, तुम्हालाही एक विचारायचं राहिलं. तुमच्या काळात एखादं मूल गेलं, तर त्याचं नाव शाळेच्या कुठल्या रजिस्टरात राहायचं?

माजी_मास्तर

हजेरीपटावर. नावापुढे लाल शाईने "मयत" लिहायचो आणि पुढच्या महिन्याच्या पटावर नाव यायचं नाही. वेगळी नोंद आमच्या शाळेत नव्हती. जुने हजेरीपट कार्यालयात जमा होतात. ते अजून आहेत का, हे मी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारतो.