लग्न आठ आण्यांत! पु.लं.च्या घरातलं तुमच्या घरी काय शिरलं?

परवा सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, 'कोणत्या मराठी लेखकाच्या लग्नाचा खर्च आठ आणे?' अर्ध्या सभागृहानं उत्तर ओरडून सांगितलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर, रत्नागिरी, १२ जून १९४६, नोंदणी विवाह. आठ आणे गेले ते फॉर्मचे. पण नंतर चहाच्या वेळी जे किस्से निघाले ते प्रश्नापेक्षा भारी होते, म्हणून हा धागा. येऊ द्या तुमचेही.

*

मी लग्नाच्या वेळी बाबांना हेच आठ आणे ऐकवले होते. बाबा म्हणाले, "त्यांचे सासरे वकील होते. मी तलाठी आहे, मला गाव जेवू घालावं लागतं." घातलं!

*

सुनीताबाईंचं आत्मचरित्र 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं आणि आमच्या घरात उभी फूट पडली. आजीचं म्हणणं, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? आई म्हणे, चाळीस-पन्नास वर्षं संसार केलाय, तिनं नाही तर कोणी लिहायचं? बाबा पु.लं.च्या कॅसेटवर वाढलेले, ते तर रुसलेच. पुस्तकाला हात लावणार नाही म्हणाले. आईची खूण मात्र रोज सकाळी दहा-बारा पानं पुढे सरकलेली असायची. आई काही बोलली नाही, फक्त पुस्तक त्यांच्या खुर्चीजवळ ठेवायला लागली.

*

मी देशपांडे आणि ही 'उपदेशपांडे', हा पु.लं.चा म्हणून सांगितला जाणारा विनोद आमचे हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. आम्ही कुलकर्णी आहोत!

*

तुमच्या प्रश्नमंजूषेला पुढचा प्रश्न देतो. पु.ल. गेले ती तारीख? १२ जून २०००. लग्नाचा वाढदिवस. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी कवी बा. भ. बोरकरांच्या कविता वाचतात, कारण पु.ल. आणि सुनीताबाई त्या जाहीर कार्यक्रमांत वाचायची. विनोदी काहीतरी वाचा म्हणणारा एक जण दरवर्षी असतोच.

*

न्यू जर्सीहून. पु.लं.चा एकपात्री प्रयोग 'बटाट्याची चाळ' लावला होता. लेक म्हणाली, "सगळी माणसं हे एकटेच करतात, मग त्यांची बायको काय करायची?" म्हटलं, हिशेब, पत्रव्यवहार, गाडी चालवणं.

"आणि तिकिटांचे पैसे?"

बरेचसे वाटून टाकले, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू व्हायला १ लाख दिले, असं सांगितलं. तर म्हणते, "म्हणजे हिशेब अवघड असणार."