मदत हवी आहे: नवंकोरं मिलिटरी जॅकेट सालदाराच्या अंगावरचं दिसायला हवं

आमच्या एकांकिकेचा कपडेपट माझ्याकडे आहे. गाव रावेरकडचं, मुख्य पात्र केळीच्या मळ्यातला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मालकाच्या पोराने टाकलेलं मिलिटरी जॅकेट तो थंडीभर अंगात घालतो. तसं जॅकेट जळगावच्या फुले मार्केटातून आणलंय. एम-65 धाटणीचं, समोर चार खिसे, कॉलरमध्ये घडी करून ठेवलेली टोपी. (मूळ अमेरिकी लष्कराचं, 1965 सालचं. आता नक्कल कुठेही मिळते.) पण ते इतकं करकरीत आहे की नटाने घातलं की सालदार राहतो बाजूला, बुलेटवरून उतरलेला पाहुणाच दिसतो.

सगळीकडून सारखं उडालेलं नकोय, तसली तर दुकानातच टांगलेली असतात. झीज कामाची दिसली पाहिजे. घड वाहून उजवा खांदा घासलेला, बॅटरी ठेवून एक खिसा लोंबलेला, कफ काळपट. आणि केळीचा चीक! तो नसेल तर आमच्याकडचा प्रेक्षक पहिल्या रांगेतूनच हसेल.

कापडात पॉलिस्टर जास्त, कॉटन कमी. ब्लीच चालेल का? चिकाचे डाग रंगवू की खरेच पाडू? प्रयोग बरेच आहेत, त्यामुळे फाटून चालणार नाही.

प्रतिसाद १
ब्लीचच्या नादी लागू नका भाऊ. पॉलिस्टरचा रंग त्याने हलत नाही, कॉटनचा तेवढा उडतो, आणि हिरव्याचं भलतंच तांबूस-पिवळं होऊन बसतं. वर धागा कमजोर होतो तो वेगळाच.

आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा. खळ निघाली की निम्मा करकरीतपणा जातो. मग बारीक पॉलिश पेपर घ्या. आतून लाकडाचा ठोकळा धरून फक्त उंचवटे घासा: शिवणी, कॉलरची कड, खिशांची झाकणं, कोपर. सपाट भागाला हात लावू नका, झीज तिथे आपोआप होत नसते. पॉलिश पेपर नसेल तर टाचा घासायची वज्री चालते. चेन आणि टिच बटणांवरचा रंगही थोडा खरवडा, लाइट पडला की नवं धातू लगेच चमकतं. खिसा लोंबवायचा तर जॅकेट ओलं असतानाच त्यात दगड भरून वाळत टाका.

प्रतिसाद २
चीक रंगवायचा कशाला, रावेरात राहून? ताज्या कापलेल्या घडाचा दांडा खांद्यावर आणि बाहीवर टेकवा. आधी काही दिसणार नाही, हवा लागली की तपकिरी-काळा चढतो. मात्र जागा आधी ठरवून घ्या, तो डाग कुठल्याच साबणाला दाद देत नाही. आमच्याकडे केळी कापणाऱ्यांचे कपडे वेगळेच ठेवतात ते त्यामुळेच.

आणि नटाला म्हणा, तालमीला रोज तेच घालून ये. कोपराच्या आतल्या घड्या अंगावरच पडतात, इस्त्रीने पडत नाहीत.