काउंटीच्या बजेट सुनावणीत बोलायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो. आमच्या काउंटीच्या (इथला जिल्ह्यासारखा स्थानिक कारभाराचा भाग) नव्या बजेटच्या मसुद्यात लायब्ररीची संध्याकाळची वेळ आणि ज्येष्ठ नागरिक केंद्राची बससेवा कमी करायचं सुचवलं आहे. माझ्या सासूबाई गाडी चालवत नाहीत. त्या बसमुळेच त्यांना चार माणसं भेटतात. मुलांच्या शाळेबद्दल आपण सगळे जागरूक असतो, पण या सेवांसाठी कोणी उभं राहत नाही, हे मला फार खटकतं.

इथे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचं, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाचं, बजेटवरचं मतदान त्याआधीच होईल. जाहीर सुनावणीत बोलायला नाव नोंदवलं आहे.

तुमच्यापैकी कोणी अशा सुनावणीत बोललंय का? मोजक्या मिनिटांत आकडे मांडावेत की घरचा अनुभव? आधी आपल्या डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरला भेटून फरक पडतो का? बसने किती जण येतात ही माहिती राज्याच्या माहिती कायद्याखाली मागणार आहे. उत्तरासाठी कामाचे ५ दिवस असतात, पण मुदत वाढवून घेतात म्हणे. अर्ज नेमका कसा लिहावा?

सासूबाईंना स्वतः मराठीत बोलायचं आहे. दुभाषा काउंटी देते का, की मीच भाषांतर करू?