साथीच्या काळात सफाई कामगारांनी काम बंद करावं का?

लालबागकर: परवा आमच्या चाळीत यावरून जोरात वाजलं. शेजारचे काका म्हणाले, "साथीत संप म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ." मला ते पटलं नाही. २०२० मध्ये माझे वडील ठेक्यावर कचऱ्याच्या गाडीवर होते. हातमोजे अंगठ्याजवळ फाटले की सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून तेच घालायचे. नवे मागितले की मुकादम म्हणायचा, "आले की देतो." रुग्णांच्या घरचा कचराही त्याच हातांनी उचलायचा. आई जिन्यातच पाण्याची बादली ठेवायची. तेव्हा टाळ्या, थाळ्या सगळं झालं. पण एरवी कोण विचारतं? महापालिकेच्या २७०० ठेका सफाई कामगारांना कायम करण्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला २०१७ साल उजाडलं. गरज असते तेव्हाच आपलं ऐकलं जातं.

धारावीकर ताई: दादा, वडिलांचं वाचून पोटात कालवलं. तरीही विरोध आहे. आमच्या गल्लीत सार्वजनिक संडासाशिवाय सोय नाही. चार दिवस सफाई थांबली तर मलबार हिलवाले पैसे मोजून माणूस लावतील. आम्ही काय करायचं? भांडण ठेकेदाराशी आणि भोगायचं माझ्या पोरांनी?

गिरणगावातला जुना: १८९६ च्या प्लेगमध्ये हेच झालं होतं. मांडवीत साथ सुरू झाली, लाखो लोक शहर सोडून गेले. हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे सफाई कामगार, निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही पालिका आयुक्त स्नो यांची मोठी धास्ती होती. एरवी पगार अडकवून ठेवणारे गिरणीमालक मजूर टिकावेत म्हणून रोजच्या रोज पैसे देऊ लागले. कामगाराची किंमत मालकाला कळली ती अशी. आणि गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे? ते त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारी १८९७ मध्ये गेले. मालकाशी भांडणं आणि आजाऱ्याजवळ थांबणं, दोन्ही एकाच माणसाने केलं.

धारावीकर ताई: गिरणी थांबली तर कापड थांबतं, काका. संडास तुंबला तर माणसं आजारी पडतात. हा फरक नको विसरायला.

लालबागकर: ताई, हे मान्य. संडास आणि रुग्णालयं चालू ठेवावीत, गाड्या थांबवाव्यात. पण संपच नको, हे नाही मानणार. १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा सेविका कोविडातच संपावर गेल्या, तेव्हा कुठे सरकारने मानधन वाढवलं. त्याआधी निवेदनं कमी दिली होती का?

धारावीकर ताई: गाड्या थांबल्या तरी ढीग आमच्याच नाक्यावर साचतो. आधी टॉवरवाल्यांच्या गाड्या बंद करा. मग मी स्वतः सफाई चौकीवर तुमच्याबरोबर बसायला येते.