वाळवंटात रात्री दिव्यापाशी येणारी तांबूस गांधीलमाशी कोणती?

प्रश्न:
नमस्कार. आम्ही ॲरिझोना राज्यातील टक्सन येथे, सोनोरन वाळवंटाच्या कडेला राहतो. जुलैतल्या पावसाला सुरुवात झाल्यापासून अंगणातल्या दिव्याखालच्या भिंतीवर रात्री दहाच्या सुमारास तांबूस-तपकिरी रंगाच्या, सुमारे १२ मिलिमीटर लांबीच्या, पंख असलेल्या गांधीलमाश्या येऊन बसतात. एक माशी काचेच्या बरणीत ठेवून पाहिली, तेव्हा कपाळावरचे तीन साधे डोळे काचेच्या मण्यांसारखे मोठे आणि चमकदार दिसले. घरात लहान मूल असल्याने ती दंश करते का, हेही मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १:
प्रथम भीती दूर करतो. नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला भाग असल्याने ती फक्त मादीला असते, आणि आपण वर्णन केलेल्या, दिव्याकडे उडत येणाऱ्या माश्या बहुधा नर आहेत. मोठे साधे डोळे हे अंधुक प्रकाशात उडणाऱ्या कीटकांचे लक्षण आहे. मात्र एवढ्यावरून नाव ठरत नाही, कारण त्या वाळवंटात दोन गट एकसारखे दिसतात: मखमली मुंग्यांच्या (या खरे तर गांधीलमाश्याच, पण त्यांच्या बिनपंखी माद्या केसाळ मुंग्यांसारख्या दिसतात) म्युटिलिडी कुलातील निशाचर नर आणि ब्रॅकिसिस्टिडिनी या उपकुलातील नर. पोटाच्या टोकाला वर वळलेला अणकुचीदार आकडा असल्यास दुसरा गट समजावा. पोट दोन्ही बाजूंनी चपटे आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) फार लांब असतील, तर मात्र ती इक्न्यूमॉनिड कुलातील माशी असू शकते.

उत्तर २:
आकडा नसेल, तर दहापट भिंगाखाली अंगावरचे केस पाहावेत. ते पिसासारखे फाटे फुटलेले असतील, तर मखमली मुंग्यांपैकी स्फेरोप्थाल्मा आणि तिच्या जवळच्या प्रजातींकडे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) वळावे. मग माशी उलटी करून छातीचा खालचा भाग तपासावा, कारण ओडोन्टोफोटॉप्सिस या प्रजातीच्या नरांना तिथे दातांसारखे उंचवटे असतात. घाईने छायाचित्रावरून जातीचे नाव देण्याला माझा विरोध आहे, कारण जात निश्चित करण्यासाठी बहुधा नराच्या जननांगांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करावे लागते. शिवाय बिनपंखी मादी नराहून इतकी वेगळी दिसते, की कित्येक जातींची केवळ एकच बाजू, नर किंवा मादी, शास्त्राला ठाऊक आहे.

प्रश्नकर्ता:
भिंगाखाली पाहिले. आकडा नाही, केसांना स्पष्ट फाटे आहेत, आणि छातीखाली दात दिसत नाहीत. नमुना जपून ठेवावा का?

उत्तर २:
अवश्य ठेवावा. मग ही बहुधा स्फेरोप्थाल्मा आहे, आणि सध्या तेवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून सोबत ठिकाण, तारीख, वेळ आणि दिव्याचा प्रकार पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून कुपीतच टाकावा, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. टक्सनमध्येच ॲरिझोना विद्यापीठाचा कीटकसंग्रह आहे. तेथे विचारून पाहावे. आणि शक्य झाल्यास रात्री विजेरी घेऊन जमिनीवर चालणारी बिनपंखी मादी शोधावी, मात्र तिला उघड्या हाताने उचलू नये, कारण तिचा दंश खरोखर वेदनादायक असतो.